आत्याचा मान

“मग घे की शपथ! स्वामींच्या म्होरं सांग, बाटली न्हाईस म्हणून,” शंकरप्पाकाका म्हणाले.

भरल्या हॉलमध्ये, पाहुण्यांदेखत! माझ्या धाकट्या भावाच्या, सोमशेखरच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा सजला होता. बाळाच्या कानात नाव सांगायला मी, एकुलती एक आत्या, नवी इरकल नेसून उभी होते. आणि मंद्रूपहून आलेल्या या चुलत्यांनी माझीच चौकशी मांडली.

कारण काय, तर एक फोटो. मी सोलापुरात चोवीस वर्षं नर्स आहे. आमच्या वॉर्डातल्या रेश्मा सिस्टर ख्रिस्ती. त्या दर वर्षी रुमानियात चर्चच्या उन्हाळी शिबिरात राबायला जातात. तिथे आईबापांनी टाकलेली, आश्रमात वाढणारी पोरं असतात. यंदा त्यांना मलमपट्टीसाठी आणखी एक नर्स हवी होती. मी साठवलेली रजा काढली आणि तीन आठवडे जाऊन आले. “फुकट राबायला एवढ्या लांब?” असं ज्याने त्याने विचारलं. हो, फुकट! रजा माझी, हात माझे. तिथे क्रूस छापलेला टी-शर्ट घालून मी पोरांबरोबर उभी होते, तो फोटो रेश्मा सिस्टरनी हौसेने टाकला. तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर पोचला आणि मी परस्पर ख्रिस्ती झाले.

“शपथ कशाला काका, बघा की,” मी गळ्यातली चांदीची डबी पदराबाहेर काढली. आम्ही लिंगायत; तिच्यात माझं इष्टलिंग असतं, तान्ही होते तेव्हापासून. “तितल्या पाद्र्यांनी पैल्याच दिवशी सांगितलं, पोरं ओढत्यात, गळ्यात काय घालायचं न्हाई. मी म्हटलं, मग मी परत निघाले. ऱ्हावा म्हणाले, मुकाट.”

दोघीचौघी हसल्या. पूजेला बसलेले विरुपाक्ष स्वामीही हसले. गोष्ट तिथेच मिटायची. पण काका कसले ऐकतायत!

“आन् त्या पोरांनी हात लावला नसंल न्हवं त्याला?”

आपल्या लिंगाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“लावला,” मी म्हणाले.

मीरेला तिचं नाव, सात वर्षांची. झोपाळ्यावरून पडून हनुवटी फाटली. डॉक्टर टाके घालायला आले, तर पोरगी रडेचना, नुसती थरथरत होती. रडून कुणी येत नाही, हे त्या वयात शिकून बसलेली. मी वाकले तशी तिने माझी डबी पकडली. झाकण निघालं. चार टाके पडेपर्यंत तिने मूठ उघडली नाही, आणि मीही उघडवली नाही. कशी उघडवू? मी काय दगड आहे?

हे सगळं मी सांगितलं. स्वामी भला माणूस. हळूच म्हणाले, “दाक्षायणी, डबीलाच हात लागला आसंल. तेवढं म्हण, सपलं.”

“न्हाई स्वामी. लिंगच व्हतं तिच्या मुठीत.”

“शुद्धी करून घ्यायची आदी!” काका गरजले. “तवर पाळण्याला हात लावायचा न्हाई.”

“शुद्धी कशाची? लेकराच्या हाताची? मी न्हाई करणार.”

मी सोमशेखरकडे बघितलं. वडील गेले तेव्हा हा पाचवीत होता. त्याला मी वाढवला. “सोमू, तू तरी बोल.”

“अक्का, करून टाक की,” तो खाली बघत म्हणाला. “पाच मिंटाचं काम हाय.”

काकांनी शंभर शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

“एक मिंटाचं असलं तरी करणार न्हाई,” मी म्हणाले.

मग माझी चुलत बहीण शिवलीला, तिला पुढे केलं. मी उठून जाईन असं त्यांना वाटलं असावं. का म्हणून जाऊ? खुर्ची ओढून पाळण्यासमोर बसले, ताठ.

शिवलीला वाकली आणि बाळाच्या कानात ‘सृष्टी’ म्हणाली. बायकांनी ‘कुर्रर्र’ केलं. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत, तशा साऱ्याजणी हसत शिवलीलाच्या पाठीवर तुटून पडल्या. मी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं नाही. बघू देत.

इतका वेळ कोपऱ्यात बसलेली माझी आई, सुंदरम्मा, गुडघ्यावर हात टेकत उठली. शिवलीलाकडे गेलीच नाही. माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीत बुक्का घातला. पंच्याहत्तरीची बाई, पण पाठीत कळ उठली.

मग काकांकडे बघत तिने दुसरा घातला.