कुमारी मंदा

खोक्याच्या डाव्या कोपऱ्यातला तेलाचा डाग पसरतोय, की मघापासून तेवढाच आहे? लीलाधररावांनी चष्मा पुसला. डाग तेवढाच होता. चिकटपट्टी मात्र गरजेच्या दुप्पट, अक्षर वाकडं, पाठवणाऱ्याचं नाव नाही — सोसायटीचे सेक्रेटरी या नात्यानं त्यांनीच लिफ्टशेजारी लावलेल्या 'संशयास्पद टपाल' या सूचनेतली सगळी लक्षणं हजर. चुकीचं नावसुद्धा. कु. मंदा.

"अंकल, इस नाम का इधर कोई नहीं, लेकिन फ्लॅट आपका है," म्हणत वॉचमन रोशननं खोकं हातात दिलं होतं.

इधर कोई नहीं... खरंच होतं ते. मंदा नावाची मुलगी रत्नागिरीच्या मांडवातच संपली — ताटातल्या तांदळांत अंगठीनं आपणच लिहिलं 'उर्मिला', भटजींनी रफार तेवढा दुरुस्त केला — आणि पुढे सासूबाईसुद्धा जावयादेखत उर्मिलाच म्हणायच्या; मग नातवंडं झालेल्या बाईला अजून कुमारी समजणारा हा कोण, आणि त्याला तिचं लग्न कळलं नाही, की पटलं नाही?

सूचनेबरहुकूम खोकं न हलवता, न हुंगता बाल्कनीत ठेवलं, दार लावलं, साबणानं हात धुतले. पुढचं कलम, पोलिसांना कळवा. फोन उचलला. ते विचारतील, मंदा कोण? — फोन ठेवला.

"बाल्कनीचं दार का लावलंत? कपडे वाळत घालायचेत मला," स्वयंपाकघरातून उर्मिलाबाई.

"संशयित पार्सल आहे. जवळ जाऊ नकोस. वास घेऊ नकोस."

"घेतंय कोण? तोच घरभर आलाय. आंबोशीच्या लोणच्याचा." भांड्यांचा आवाज थांबला. "कुणाच्या नावानं आलंय?"

"चुकीच्या."

"म्हणजे कुणाच्या?"

सांगायचं नव्हतंच. पण एवढ्या वर्षांत एकदाही तोंडात न आलेलं ते नाव मघापासून जिभेवर बसलं होतं, आणि ते हळूच, स्वतःशीच म्हणावं तसं, निसटलं — "मंदा."

"ओ."

'काय हो' नाही, 'आले आले' नाही. नुसती ओ, परकर सावरत परसातून धावत येणाऱ्या पोरीची. आणि मग नळ... जरा जास्तच सोडलेला.

लीलाधरराव साबणाच्या वासाचे हात घेऊन तसेच उभे. पार्सलवाल्याचा राग कुठे गेला कळेना. त्या 'ओ'चाच हेवा वाटत होता, तिच्या मालकाचा — म्हणजे ज्या कुणाला ती मिळत असे त्याचा. पुन्हा हाक मारावी? पण या खेपेला आवाज आपला आहे हे तिच्या लक्षात येईल, आणि ती 'काय हो' म्हणेल.