शाळेच्या हॉलचं दार

मी भरलेली भेग पुन्हा उघडली, तेव्हा मला भीती वाटली नाही, भयंकर राग आला. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीला सरळ चीर गेली होती. नगरपालिकेने बोलावलं, मी ती भरली, आठवड्यात उघडली. मी वाळूवाल्याला फोन करून झाडलं. दुसऱ्यांदा भरली, चार दिवसांत उघडली, तेव्हा सिमेंटवाल्याची पाळी. तिसऱ्यांदा असा माल कालवला की वर हत्ती नाचवावा. तीही दोन दिवसांत उघडली. वीस वर्षं थापी चालवते आहे, माझं काम असं कुणी तोंडावर फेकलं नव्हतं.

नगरपालिका म्हणजे आमचा दादा, तिथला इंजिनिअर. बाबांनी त्याला कॉलेज दिलं आणि मला स्वतःची थापी आणि ओळंबा. माझी तक्रार नाही. भांडणात ओळंबा जास्त उपयोगी पडतो.

"जमीन बसते आहे," दादा फोनवर म्हणाला. "जुनी इमारत. भर आणि मोकळी हो."

पण जमीन बसली की भेगेची एक बाजू खाली जाते. मी पाणसळ ठेवून पाहिली, दोन्ही बाजू एका पातळीत. भेग खचत नव्हती, फाकत होती. मग मी बाबांची जुनी युक्ती केली. भेगेवर काचेच्या सात पट्ट्या आडव्या चिकटवल्या. जमीन केसभर सरकली तरी काच तुटते. सकाळी सातही तुटलेल्या होत्या.

गेले तीन आठवडे गाव रोज थरथरत होतं. कपाटात कपबश्या वाजायच्या, लोक "आला पाहुणा" म्हणायचे आणि चहा पुढे प्यायचे. मागच्या डोंगरातून शेवटचा धूर कधी निघाला होता, हे कुणालाच आठवत नव्हतं. या धक्क्यांसाठीच एक बाई मैदानात यंत्रं मांडून बसल्या होत्या. गावाने त्यांचं नाव यंत्रवाल्या बाई ठेवलं होतं. मी काचेचे तुकडे त्यांच्या टेबलावर ओतले.

"माझ्या कामाची वाट कोण लावतंय, तेवढं तुमचं यंत्र सांगतं का?"

"सांगतं," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मी बसले. "डोंगराखाली वितळलेला खडक साठलाय. त्याला सरळ वर वाट मिळाली नाही, म्हणून तो बाजूला घुसतोय. खडकाला उभी चीर पाडतो आणि ती चीर भरत पुढे येतो, एखादी पातळ भिंत सरकावी तसा. खडक तडकला की आपल्याला धक्का बसतो. आणि ती भिंत जाड होत जाते, तशी वरची जमीन दोन्हीकडे सरकते. तुमची भेग त्यामुळे आहे."

"म्हणजे खाली कुणीतरी भिंत घालतंय."

"तसं म्हणा."

"आणि ती वरपर्यंत आली तर?"

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली शाळा होती.

शुक्रवारी धक्के थांबले. एकदम थांबले. लोकांनी जमिनीवर उतरवून ठेवलेली काचेची भांडी पुन्हा फळीवर मांडली आणि दादाच्या ऑफिसने फलक लावला: पुढे ढकललेली परीक्षा सोमवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. तीनशे मुलं. मी धावत मैदानात गेले.

"थांबले म्हणजे संपलं ना?"

"भिंतीला भोक पाडताना किती आवाज होतो?" बाईंनी विचारलं.

"कान बधिर होतात."

"आणि भोक पडल्यावर त्यातून हात घालताना?"

म्हणजे वाट पडली होती, आता खालचा आवाज न करता वर येणार होता. बाईंचा अहवाल दादाच्या टेबलावर पडून होता, त्यावरची बैठक बुधवारी. मी तडक दादाकडे गेले.

"दादा, परीक्षा त्या बैठकीनंतर घे."

"तू गवंडी आहेस. गवंड्यासारखं बोल. हॉल सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर माझी सही आहे. सोमवारी तो उघडाच राहील. तू भेग भर."

"भरते," मी म्हणाले.

रविवारी माझे दोन गडी घेऊन मी हॉलवर गेले. हॉलला दोन दारं, खिडक्यांना गज. भेगेवर काचेच्या सात नव्या पट्ट्या चिकटवल्या आणि बाहेर येऊन दोन्ही दारं विटांनी भरायला घेतली. झटपट घट्ट होणारं सिमेंट, सांध्यावर सांधा न येऊ देता रचलेले थर, ओळंब्यात सरळ. खालच्याला भिंत घालता येते, तर मला येत नाही की काय! अंधार पडला तेव्हा पुढच्या दाराचे फक्त वरचे दोन थर राहिले होते.

सोमवारी साडेनऊला मुलं, आईबाप, मास्तर, सगळे विटांकडे बघत उभे. दादा गाडीतून उतरला. त्याचा चेहरा विटेहून लाल.

"तुला अक्कल आहे का? तोड हे!"

"नाही तोडत."

तो माझ्या गड्यांकडे वळला. मोठा म्हणाला, "साहेब, ताईंनी बांधलेलं ताईच तोडतील," आणि दुसरीकडे बघू लागला. मग दादाने स्वतः घण उचलला. बाबांच्या घरात जन्मून त्याने घण कधी धरला नव्हता. पहिल्या घावाला विटेचा टवका उडाला, दुसऱ्याला दादाचं मनगट मुरगळलं.

"तिसरा घालायच्या आधी खिडकीतून आत बघ," मी म्हणाले. "एकदाच बघ. मग मी स्वतः तोडून देते, सगळ्यांसमोर."

तो खिडकीशी गेला. सातही काचा तुटल्या होत्या. काल जिथे बोट जात नव्हतं, तिथे आता पाय गेला असता, आणि भेगेतून वाफ येत होती. दादाने हातातला घण खाली टाकला. मग मास्तरांना म्हणाला, "मुलांना घेऊन जा. शाळेतून नाही, गावातून. सगळ्या बस बोलवा, भोंगा वाजवा." आणि मग त्याने कोट काढला, खाली पडलेली वीट उचलली आणि माझ्या हातात दिली. लोक बसमध्ये चढत होते आणि आम्ही बहीणभाऊ ते दोन थर पुरे करत होतो, कुणी विसरलेलं दप्तर आणायला आत जाऊ नये म्हणून. लहानपणानंतर आम्ही एकत्र केलेलं ते पहिलं काम.

आम्ही शेवटच्या बसने निघालो. अकरा वाजून वीस मिनिटांनी हॉलची फरशी दुभंगली आणि मैदानापर्यंत जमीन फाटत गेली. त्या फटीतून आगीचा पडदा वर आला. आम्ही समोरच्या टेकडीवरून पाहिलं. मुलं मोजली, तीनशेच्या तीनशे. मी दोनदा मोजली आणि दुसऱ्यांदा मोजताना रडले.

महिन्याने, गाव सोडलेल्यांच्या छावणीत, मला नोटीस आली. शासकीय इमारतीच्या प्रवेशद्वारात विनापरवाना बांधकाम केल्याबद्दल. सात दिवसांत ते काढून दार पूर्ववत करून द्यावे. सही दादाच्या साहेबांची. शाळेच्या जागी तेव्हा तीन पुरुष उंच काळा दगड होता, अजून गरम.

मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: "बांधकाम काढायला तयार आहे. साहेबांनी स्वतः यावं आणि दार कुठे आहे ते दाखवावं."

दादाने ते वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.