रविवारची जोडी

प्रीतम चाळिशी उलटलेला, एकटा माणूस. धरमपेठेत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दर रविवारी तो हौशी गाणाऱ्यांच्या कराओके क्लबात जायचा, ते फक्त मायासाठी. मायाचं लग्न झालेलं होतं. तिचा नवरा केशव पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर तिचं गाणं रेकॉर्ड करायचा. केशवचा मात्र प्रीतमला कधी हेवा वाटला नाही. घरी ती त्याची असेल, पण स्टेजवर तिच्या जोडीला प्रीतमच असायचा. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

मग कामठीहून धर्मेंद्र यायला लागला. गळा असा, की चहा पिणारे कप खाली ठेवायचे. एका रविवारी मायानं आपणहून त्याला ड्युएटला बोलावलं. अंतऱ्याला ती त्याच्याकडे बघून हसली. प्रीतमसोबत गाताना तिचे डोळे कायम स्क्रीनवरच्या शब्दांवर असायचे, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. घरी जाऊन त्यानं केशवनं रेकॉर्ड करून पाठवलेलं, मायासोबतचं आपलं एक जुनं गाणं लावलं. अर्ध्यातच बंद केलं.

पुढच्या रविवारी त्यानं धर्मेंद्रला पार्किंगमध्ये गाठलं.

"राग नको मानू गा, पण मायाताईले तुह्यासोबत गाणं नाही जमत. बिचारी बोलून नाही राहिली, म्हणून मी सांगतो."

धर्मेंद्र गोरामोरा झाला. त्यानं गाडीला किक मारली. नंतरच्या रविवारी तो आलाच नाही.

प्रीतम खुशीत माइक घेऊन मायाजवळ गेला.

"मी धर्मेंद्रले फोन केला होता, प्रीतमभाऊ," ती म्हणाली. "काहून असं खोटं सांगितलं तुम्ही?"

प्रीतमनं माइक खाली घेतला. "मले वाटलं, आपली जोडी..."

"कोणती जोडी?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आत्ताच फोन लावा त्याले," ती म्हणाली. "माफी मागा."

तिच्यासमोर उभं राहून त्यानं माफी मागितली. पलीकडून धर्मेंद्र हसला. "जाऊ दे ना गा भाऊ, होते असं." त्याचा तो मोठेपणाही प्रीतमला टोचला.

आता दर रविवारी माया आणि धर्मेंद्रच सोबत गातात. प्रीतमनं क्लब सोडलेला नाही. तो शेवटच्या रांगेत बसतो आणि धर्मेंद्रचा सूर कुठे घसरतो, ते कान देऊन ऐकतो. अजून तरी घसरलेला नाही.