एक हात विरोधात

अमेरिकेतील ब्रायटन बीचवरील त्या सहा मजली इमारतीचा बॉयलर ऐन हिवाळ्यात बंद पडला होता आणि घरमालक फोन उचलीत नव्हता. नाउमची पत्नी फायना दोन रजयांखाली खोकत पडली होती. म्हणून भाडेकरूंची सभा भरणार असे कळताच नाउमने मनोमन निर्धार केला, की ठरावाच्या बाजूने हात वर करायचा. परंतु या निर्धाराच्या आड त्याचा पन्नास वर्षांपासूनचा स्नेही झिनोव्ही उभा होता.

"बॉयलर दुरुस्त होईपर्यंत कुणीच भाडं द्यायचं नाही म्हणे, सगळ्यांनी मिळून!" झिनोव्ही जिन्यातच नाउमवर कडाडला. "न्योमा, हा समाजवाद आहे. आपण रशियातून पळालो, तर तो विमानात बसून मागोमाग अमेरिकेत आला."

"झ्यामा, अरे, आमच्या खिडकीला आतून बर्फ धरतंय," नाउमही त्याला लाडक्या नावाने विनवू लागला.

"सुरुवात अशीच होते. आज बॉयलर, उद्या सामुदायिक शेती! तू हात वर केलास ना, तर यापुढे बुद्धिबळ एकटाच खेळत बस."

तळमजल्यावरील दालनात ओल्या कोटांचा दर्प दाटला होता. त्या दर्पासरशी नाउमचे चित्त मागे सोडलेल्या देशातील गोमेल शहरी, मोज्यांच्या कारखान्यातील सभांत जाऊन पोहोचले. तांबडे कापड अंथरलेले ते मेज, पाण्याचा तो तांब्या, अध्यक्षांचे ते अखंड वाचन! मागील रांगेत तरुण फायना मैत्रिणींसह सूर्यफुलाच्या बिया सोलीत असे. सभेनंतर उपाहारगृहात कधी संत्री येत. बर्फातून घरी जाताना नाउम तिला एक सोलून देई आणि तिची बोटे गारठून लाल होत. त्या राज्यावर त्याचे प्रेम कधीच नव्हते. परंतु तारुण्य तिथेच राहून गेले होते, त्याला तो काय करणार?

"कोणाकोणाला मान्य आहे?" डेलियाने विचारले. ही इथेच जन्मलेली, नातीच्या वयाची मुलगी सभा चालवीत होती.

सर्व हात वर गेले. नाउमनेही भीतभीत हात उचलला व शेजारी पाहिले. झिनोव्हीचाही हात वर होता! गोमेलच्या सभांत पेंगत असताना जाई तसाच, ताठ, डोळे अर्धवट मिटलेले.

"सर्वानुमते मंजूर!" डेलिया हर्षाने उद्गारली.

झिनोव्ही दचकला. कुणी परक्याने आपल्या बाहीत अडकवला असावा, तसा तो स्वतःच्या हाताकडे पाहू लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला. नाउमला गप्प राहणे सोयीचे होते. पण तो उठला.

"पोरी, पुन्हा मोज. याचा हात सवयीनं वर गेलाय."

सभेत हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरची बेला फिस्कारली, "गप बस ना, नाउम! तुझ्याच बायकोला ऊब हवीय ना?"

"हवीय. पण त्याचा हात चोरून नको. विरोधात कोण, ते विचार, पोरी."

हा प्रश्न गोमेललाही विचारीत, पण उत्तरासाठी कुणी थांबत नसे. डेलियाने विचारले आणि ती थांबली.

झिनोव्हीचा हात कानापर्यंत आला, अडखळला, मग पूर्ण वर गेला. साऱ्या दालनात तेवढा एकच हात. त्याने एकवार दाराकडे पाहिले. दारातून त्याला धरून न्यायला कुणी आले नाही. तेव्हा त्याची पाठ हळूहळू ताठ झाली.

"एक विरोधात," डेलिया म्हणाली. "घ्या आजोबा, हात खाली."

"थांब जरा. नाव नीट लिही. आणि हेही लिही, की भाडं मीसुद्धा देणार नाही."

"मग विरोध कशाला?"

"विरोध समाजवादाला. फायनाला थंडी वाजतेय, ती गोष्ट वेगळी." मग तो नाउमकडे वळून पुटपुटला, "बघत काय बसलास? माझा कोट आण. हात अवघडलाय, खाली येईना."