अमरचा वाटा

माहेरी रोहण्याला गेलं, की रुपाची नजर आधी कोनाड्यातल्या टोपलीवर जायची. टोपलीत पाच संत्री असायची. ती अमरची.

रुपाच्या बापाच्या, पुनाजीच्या घरातली रीतच तशी. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी पिकणाऱ्या संत्र्यांचा पहिला तोडा झाला, की आधी फळ देवापुढे आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक फोड. सगळ्यांच्या तोंडात फोड पडल्याशिवाय घरच्या बाईनं चाखायचं नाही. रुपाचा धाकटा भाऊ अमर कामाला म्हणून गुजरातकडे गेला आणि एक दिवस त्याचा फोन लागेनासा झाला. पोलिसांत सांगून झालं, पुनाजी कंपनीच्या फाटकापर्यंत जाऊन आला. काही कळलं नाही. तेव्हापासून त्याची माय भागीरथा दर बहाराला लेकाचा वाटा काढून ठेवायची आणि स्वतः संत्र्याला तोंड लावायची नाही. आठवडाभरात फळं मऊ पडत, एखाद्याला बुरशी धरे. मग ती टोपली उचलून बागेत जाई, फळं झाडाच्या बुडाशी पुरी, हात धुई आणि म्हणे, "यंदाचा त्याचा वाटा मातीनं खाल्ला." त्या संध्याकाळी ती एक फोड सोलून खाई. पुढचा बहार येईपर्यंत मग तो विषय निघत नसे.

रुपाला ते पुरणं बघवत नसे. स्वीटी झाल्यापासून तर मुळीच नाही. पिपरी मेघेच्या आपल्या घरात लेक दुपारची झोपली, तरी रुपा तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. तिचा नवरा नागेश हसायचा, "अवं, पोरगी हाय ते. तुह्या लॅबमधलं संत्रं नाई."

कॉलेजच्या लॅबमध्ये रुपाचं काम होतं तोडलेली फळं टिकवण्याचं. झिंग्या-खेकड्यांच्या कवचापासून काढलेलं द्रव्य, त्यात जस्ताचे इतके बारीक कण की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. त्या पाण्यात फळ बुडवून वाळवलं, की अंगावर लेप चढायचा. डोळ्यांना न दिसणारा, पण बुरशीला आत येऊ न देणारा. भागीरथाला त्याची फार गंमत वाटायची. "संत्रं धुवाचा पगार देतेत काय वं तुले? मंग मलेबी लावून दे ना थ्या कालेजात!"

यंदा तोड्याच्या दिवशी रुपा लेपाची बाटली घेऊनच आली. माय बागेत होती तेवढ्यात तिनं अमरची पाचही फळं बुडवली, वाळवली. लेपाचा एक हात पुरतो, हे ती रोज विद्यार्थ्यांना सांगायची. पण भावाचा वाटा होता. फळं वाळल्यावर तिनं ती पुन्हा एकदा बुडवली.

आठवडा उलटला. फळं मऊ पडली नाहीत. मार्गशीर्ष सरत आला आणि एका सकाळी मायचा फोन आला.

"रुपा, संत्रं जसंच्या तसं हाय."

"बरं झालं ना, माय."

"बरं? अवं, देव सांगून राह्यला मले. पोरगा रस्त्यात हाय!"

रुपा खरं सांगणार होती. पण मायच्या आवाजात इतक्या वर्षांनी काहीतरी उजळलं होतं, त्यावर हात ठेवायला तिचं मन धजावलं नाही. "हो," म्हणाली आणि फोन ठेवला.

पौषात ती स्वीटीला घेऊन रोहण्याला गेली, तर अमरची खोली सारवलेली, खाटेवर नवी चादर. पुनाजीनं लेकीला बाजूला घेतलं.

"बाग व्यापाऱ्यानं खाली करून नेली, तिनं एक फोड तोंडात टाकली नाई. मोतीबिंदूच्या आपरेशनची तारीख होती, थेबी सोडली. म्हणे, मी दवाखान्यात असली अन् तो आला तं? डाक्टर म्हणते, आता उशीर केला तं डोळा जाईन. तूच सांग तिले काही. माह्यं तं आयकतच नाई."

भागीरथा ओट्यावर बसली होती, आर्वीकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. टोपली मांडीशी. दिसत कमी होतं, म्हणून दर थोड्या वेळानं फळांवरून हात फिरवायची. स्वीटीनं टोपलीत हात घातला.

"नको बाई, मामाचं हाय ते."

"मामा कधी येते?"

"आता येतेच."

रुपा मायच्या पायाशी बसली. "माय, देवानं नाई ठेवलं हे ताजं. म्या ठेवलं."

"काय म्हणतं?"

"लॅबमधला लेप लावला. तुले सांगतलं नाई."

भागीरथाचा हात फळावर थांबला. "काऊन वं?"

"तू पुरतं ते पाह्यवत नाई मले."

मायनं एक संत्रं उचललं आणि देठाशी अंगठा घातला. वरून सोन्यासारखं फळ. साल सुटली तसा आंबूस, दारूसारखा वास ओट्यावर पसरला. स्वीटीनं नाक दाबलं.

"याले काऊन असा वास येऊन राह्यला?" भागीरथानं विचारलं.

रुपानं वाकून फळ हुंगलं. "तोडल्यावरबी फळ श्वास घेते, माय. मी लेप जास्त लावला. ते आतल्या आत... गुदमरलं."

"कवा?"

"माहीत नाई. वरून समजत नाई."

भागीरथानं मान हलवली. फोड वेगळी केली, शिरा काढल्या आणि तोंडात टाकली.

"थुक, माय! खराब हाय ते."

"बागेत दुसरं हाय कुठं? अन् त्याचा वाटा. थुकू कशी?"

तिनं सावकाश चावलं, गिळलं. उरलेली फळं पदरात घेऊन, भिंत चाचपत ती मागच्या दारानं बागेत गेली. रुपा मागोमाग गेली. खड्डा तिनं खणला, फळं मायनं ठेवली, माती दोघींनी लोटली.

"यंदाचा..." भागीरथा म्हणाली, आणि नुसती माती थोपटत राहिली. हात धुताना मात्र म्हणाली, "डाक्टरले आपरेशनची नवी तारीख पुसजो."

इतक्यात रस्त्यावर आर्वीच्या एसटीचा हॉर्न वाजला. माय झाडाच्या बुडाशी बसूनच राहिली. मान वर केली ती रुपानं. बस थांबली, दार उघडलं आणि रुपा रस्त्याकडच्या कुंपणाशी उभी राहून उतरणारा एकेक माणूस बघत राहिली.