अंतासेनाला जड झालेलं नाव

नातवाला नाव जड झालंय, असं म्बाह हार्जोंनी, म्हणजे हार्जो आजोबांनी, जाहीर केलं आणि खिरीला तांदूळही भिजत घातले. त्यांच्या मुलीचा, पूर्वांतीचा, रडत रडत फोन आला. मी जेवण तसंच टाकून स्कूटर काढली. मी राहते त्या क्लातेनपासून त्यांचं गाव फार लांब नाही, आणि डोकं तापलेलं असलं की माझ्या स्कूटरला रस्ता पुरत नाही.

आमच्या जावातली ही जुनी समजूत. मूल सारखं आजारी पडतं, किरकिरतं, बोलत नाही, म्हणजे त्याचं नाव त्याच्या ताकदीबाहेरचं आहे असं धरायचं. मग शेजाऱ्यांना बोलावून लाल-पांढरी खीर वाटायची, गावच्या मशिदीतल्या मोदिनांनी दुआ म्हणायची आणि मुलाला एखादं हलकंफुलकं नाव द्यायचं. माझ्या धाकट्या भावाचंही असंच बदललं होतं. कावीळ त्याला पुढच्या वर्षी झालीच.

अंतासेना चार वर्षांचा. हाक मारली तर वळून बघत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. पाणी हवं असलं की आईचा हात धरून माठावर नेऊन ठेवतो, तोंडाकडे न बघता. झाकण मिळालं की ते गरगर फिरवत बसतो. टीव्हीवरची साबणाची जाहिरात घडाघडा म्हणतो, पण ‘आई’ म्हणत नाही. मिक्सर लागला की कान दाबून किंचाळतो. कान तपासून झालेत, ते ठणठणीत आहेत. याला ऑटिझम म्हणतात, आणि अशा मुलांना शिकवण्यात माझे केस पांढरे झाले. हल्ली हल्ली माझ्या वर्गात तो आईच्या हाकेला वळायला लागला होता. दर वेळी नाही, पण लागला होता. आणि आता आजोबा नेमकी तीच हाक काढून घ्यायला निघाले होते.

“या, बू वुर्यानी,” म्बाह हार्जो अंगणातल्या बाकावरून मला म्हणाले. “खीर खायला आलात की भांडायला?”

“आधी भांडण. खीर गार झाली तरी चालते.”

चुलीपाशी बसलेल्या बायका हसल्या. पूर्वांती मान खाली घालून ढवळत राहिली. नवरा दूर बाताम बेटावरच्या कारखान्यात, राहायचं बापाच्या घरात. ती बिचारी काय बोलणार?

“नवं नाव काय ठरलंय?” मी विचारलं.

“वालुयो. म्हणजे बरा झालेला.”

“तो आजारीच नाही, म्बाह, तर बरा कशातून होणार? त्याचा मेंदू जन्मापासून वेगळ्या तऱ्हेनं चालतो. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि खीर तर मुळीच नाही. शिकवावं लागतं. खेळातून, चित्रांतून, रोज थोडं थोडं, आणि घरातल्या सगळ्यांनी.”

“अहो, बाहुल्यांच्या खेळातल्या भीमाच्या बलदंड पोराचं नाव या काडीपहिलवानाला! पेलणार कसं?”

“मग हलक्या नावानं हाक मारून बघा की. धावत येईल.”

म्हातारा इरेला पेटला. अंतासेना ओसरीच्या पायरीवर बरणीचं झाकण फिरवत बसला होता. “वालुयो!” आजोबा गरजले. काही नाही. “अंतासेना!” तरी काही नाही.

“बघा! त्याला दोन्ही सारखीच. मग बदललं तर तुमचं काय जातंय?”

मुद्दा बिनतोड होता. म्हातारा मला आवडायला लागला, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले.

“बांधावरून बदकं हाकताय का? ओरडू नका. त्याच्या बाजूला जाऊन बसा, समोर नको. एकदाच हाक मारा, हळू, आणि मग गप्प राहा. डोळ्यांकडे बघू नका. हाताकडे बघा.”

कुरकुरत ते पायरीवर टेकले. “वालुयो,” हळूच म्हणाले. झाकण फिरत राहिलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी घसा खाकरला. “अंतासेना.”

पोराचा हात थांबला. झाकण कलंडून पायरीवर आडवं झालं. त्यानं वर पाहिलं नाही. क्षणभरानं झाकण उचलून पुन्हा फिरवायला लागला.

“थांबला,” म्हातारा पुटपुटला.

“तेच त्याचं उत्तर. वर्गाबाहेर मान वळत नाही अजून, पण नाव कानात बसलंय. ते काढून घेतलंत तर बिचाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.”

म्बाह हार्जो जागचे हलले नाहीत. “नाव मी ठेवलं होतं,” ते म्हणाले. “वायांगचा, त्या सावल्यांच्या बाहुल्यांचा, नाद माझा. पूर्वांतीला साधंसं नाव हवं होतं, मी ऐकलं नाही. अख्खं गाव म्हणतं, हार्जोनं नातवाच्या डोक्यावर डोंगर ठेवला.”

“आणि मला म्हणतात, मी त्याला जवळ घेतलं नाही,” पूर्वांती पळी हातात धरून बापाकडे वळून म्हणाली. “बापाक, तुम्हीसुद्धा म्हणालात.”

मी इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारणी ढवळायच्या थांबल्या. “कुणी काही केलेलं नाही! नावानं होत नाही, आईच्या मायेत कमी पडलं म्हणून होत नाही, लस टोचल्यानं होत नाही. बरंचसं रक्तातून येतं, पोटात असतानाच घडतं. त्यात कुणाचं पाप नाही. ऐकलंत सगळ्यांनी?”

तेवढ्यात मोदिन आले. चटया पसरल्या, पुरुष मांडी घालून बसले, खिरीच्या वाट्या मध्ये मांडल्या गेल्या.

“हं, हार्जो,” मोदिन म्हणाले, “कोणत्या नावानं दुआ करायची?”

पूर्वांतीनं माझं मनगट घट्ट धरलं.

“अंतासेना,” म्हातारा म्हणाला.

“अहो, ते जुनं झालं!”

“जुनंच. जड आहे, मला माहीत आहे. घरातले सगळे हात लावू. तुम्ही दुआ म्हणा.”

मोदिनांनी खांदे उडवले आणि दुआ म्हटली. सगळ्यांनी आमीन म्हटलं, आणि पूर्वांतीनं ओढणीत तोंड लपवून मनसोक्त रडून घेतलं.

मी निघाले तेव्हा म्बाह हार्जो स्कूटरपाशी आले. “तुमचा वर्ग कधी असतो?”

“शनिवारी सकाळी. पण पूर्वांती त्याला आणतेच की.”

“त्याचं नाही विचारत. मला यायचंय. जन्मल्यापासून हाका मारतोय त्याला, आणि हाक मारायची कशी, हेच मला येत नव्हतं.”

मी स्कूटरची किल्ली फिरवली आणि जरा जास्तच खेकसले. “वेळेवर या. उशीर करणाऱ्याला मी बाहेर उभं करते.”