'कल्ला'ची शिरोरेषा

सीतारामने मासिकाच्या कव्हरवरच्या परदेशी गिटारवाल्याच्या कपाळावर कोनमापक ठेवला आणि त्याच्यावरून तिरक्या गेलेल्या मथळ्याचा उतार मोजला. सात अंश. काल मोजलेल्या चार अंकांतही तो सहा ते आठच्या दरम्यान आला होता. त्याने वहीत नोंद केली, 'मथळे उजवीकडे चढते, अंश सात', आणि चष्मा काढून डोळे चोळले.

वहीत आता नऊ नियम झाले होते. मासिकाचं नाव पानभर रुंद, पण गायकाचं डोकं त्याच्या पुढे येऊन एखादं अक्षर झाकणारच. गायक रोखून बघणार, हसणार नाही. रंग तीनच, काळा, लाल आणि पांढरा. कडा कागद फाटल्यासारख्या. जागोजाग शाईचे शिंतोडे. शिंतोडे पडू नयेत म्हणून सीतारामने एकतीस वर्षं मनगटाखाली कोरा कागद ठेवून काम केलं होतं. आता शिंतोड्यांचाच नियम लिहिताना, न समजलेलं उत्तर शेजाऱ्याच्या पेपरातून उतरवून घ्यावं तसं त्याला वाटत होतं.

मानपाड्याच्या एका छापखान्यात तो आर्टिस्ट होता. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, भजनी मंडळांच्या पुस्तिका, अशांची पानं तो पुठ्ठ्यावर जुळवायचा. मजकुराच्या पट्ट्या कापून चिकटवायच्या, भोवती शाईच्या पेनाने चौकट आखायची, वर बटरपेपर लावायचा आणि पुठ्ठा प्रोसेस खोलीत मोरूकडे द्यायचा. मोरू कॅमेऱ्याखाली त्याची निगेटिव्ह काढायचा, निगेटिव्हवरून प्लेट बनवायचा. पाडव्याला छापखान्यात कॉम्प्युटर येणार होता. पण मालक महिपतशेठ सीतारामला म्हणाले होते, "तुमचा हात चालतोय तोवर तुम्हाला कोण काढतंय? तुमच्यासारखी सरळ चौकट त्या कॉम्प्युटरलाही जमायची नाही."

हे वाक्य सीताराम अधूनमधून मनात घोळवायचा. सकाळचा चहा कपातून बशीत सांडायला लागल्यापासून जरा जास्तच.

'कल्ला' हे मासिक ठाण्याच्या शेवंती कोळीचं. ती चेंदणीच्या कोळीवाड्यात राहायची, एका वकिलाकडे टायपिंग करायची आणि भावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. पहिल्या दिवशी तिने रद्दीवाल्याकडून आणलेली पाच परदेशी मासिकं टेबलावर ठेवली होती.

"असं पाहिजे. मराठीत, पण बघितल्या बघितल्या कळलं पाहिजे की रॉक आहे."

"मराठीत हे वाचणार कोण?" सीतारामने भीत भीत विचारलं होतं. विचारून झाल्यावर त्याला वाटलं, आपण कशाला विचारलं.

"मराठी लोकच वाचणार ना काका. पुढच्या शनिवारी ठाण्याला शो आहे आमचा, तिथे पाचशे कॉपी खपवायच्यात. नाही खपल्या तर आई त्यात बोंबील बांधून देईल."

सोमवारी ती कच्चं कव्हर बघायला आली. सीतारामने नऊच्या नऊ नियम पाळले होते. तिने पुठ्ठा लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"काका, हे वाकडं नाहीये."

"सात अंश आहे," सीताराम म्हणाला.

"तेच म्हणते मी. सात अंशात सरळ आहे. सगळे एका रांगेत उभे राहून कवायत करतायत." तिने 'कल्ला'वर बोट ठेवलं. "इथे कोणीतरी बोंबलतंय. तुम्ही त्याला हळू बोल म्हणून सांगितलंय."

सीतारामला ते पटलं. आयुष्यभर त्याला समोरच्याचं पटतच आलं होतं.

"पट्टी ठेवा ना बाजूला. नुसत्या हाताने काढा," असं म्हणून ती समोरच्या स्टुलावर बसली.

कुणी बघत असताना काम करायची त्याला सवय नव्हती. त्याने जाड ब्रश शाईत बुडवला आणि अक्षरं काढली. शेवटी डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढली. ती निम्म्यावर थरथरली, खाली उतरली, दचकल्यासारखी वर गेली आणि टोकाला फाटली. तीन-चार शिंतोडे आपसूक पडले. त्याने मुद्दाम काहीच केलं नव्हतं.

"बास, हेच," शेवंती हळूच म्हणाली. "पुन्हा काढलंत तर येईल असं?"

त्याने पुन्हा काढलं. तसंच आलं. तिसऱ्यांदाही तसंच आलं.

"आधी का नाही दाखवलंत? उगाच कंपासपेटी काढून बसलात."

ती गेल्यावर सीतारामने ब्रश धुतला, वाळत ठेवला आणि खालचा खण उघडला. छापून झालेल्या कामाची एकेक प्रत तो जपून ठेवायचा. त्याने या मोसमातल्या लग्नपत्रिका काढून एकेकीच्या चौकटीला पोलादी पट्टी लावली. चौदा पत्रिका तपासल्या. कुठेही केसाचाही फरक नव्हता. म्हणजे कामाच्या वेळी हात नीट वागतोय. वाकडेपणा काय तो 'कल्ला'पुरता. दुपारी त्याने चहाचा कप बशीशिवाय उचलला. थोडा चहा सदऱ्यावर सांडला, पण त्याचं त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही.

गुरुवारी कव्हरचं प्रूफ आलं. शेवंती अर्धी रजा टाकून आली होती. तिने कागद उलगडून टेबलावर पसरला. सीतारामने वाकून पाहिलं.

'कल्ला'ची शिरोरेषा दोरी धरून आखल्यासारखी सरळ होती. शिंतोडे नव्हते. फाटक्या कडा कात्रीने कापल्यासारख्या नीट झाल्या होत्या. फोटोत तिचा भाऊ दौलत गिटार घेऊन रोखून बघत होता, पण त्याचं डोकं आता नावाला शिवत नव्हतं. नाव दोन बोटं वर सरकून त्याच्या माथ्यावर छत्रीसारखं उभं होतं.

"दौलतच्या साखरपुड्याचा अल्बम वाटतोय," शेवंती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "काका, परवा शो आहे."

"मी बघतो," सीताराम म्हणाला आणि प्रोसेस खोलीत गेला.

मोरू खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर ओणवा होऊन बसला होता. तो कोपरचा, खाडीकडचा. सीतारामच्या मागोमाग दोन वर्षांनी इथे लागला होता. बारीक ब्रशने तो एका निगेटिव्हवरचे ठिपके तपकिरी रंगाने बुजवत होता.

"मोरू, 'कल्ला'चं कव्हर सरळ कुणी केलं?"

"मीच. दुसरा कोन करनार?" मोरूने मान वर केली नाही. "लय मेहनत परली रं त्याला. सगला वाकरा व्हता. डाग पन किती. एकेक बसून बुजवला. आनि नाव त्या पोराच्या डोक्यामागं जात व्हता, ते कापून वर घेतला. नावच झाकला तं मासिक कुनाचा ते कसा कललं लोकाना?"

"ते मुद्दाम होतं."

ब्रश थांबला.

"मुद्दाम?"

"रॉकचं मासिक आहे. त्यात तसंच असतं. तशी रीत आहे त्यांची."

"मंग सांगाचा ना मना. मना वाटला, न्हेमीसारखाच हाय."

पलीकडे मशीन चालू होतं. कागद उचलल्याचा आणि टाकल्याचा आवाज एका तालात येत होता.

"नेहमीसारखं म्हणजे?" सीतारामने विचारलं.

मोरूने रंगाच्या बाटलीला झाकण लावलं. ते नीट बसलेलं असूनही पुन्हा एकदा फिरवलं. मग फडक्याने एकेक बोट पुसायला लागला. काचेवर उद्याच्या लग्नपत्रिकेची निगेटिव्ह होती. सीताराम पुढे झाला आणि वाकला. चौकटीच्या चारही रेघा रंगाने बुजवलेल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी पट्टी धरून सुईने नव्या कोरलेल्या होत्या. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ निगेटिव्हमधून कापून, टेपने पुन्हा सरळ बसवलेली होती. बाजूला त्याचा स्वतःचा पुठ्ठा होता. त्याच्यावरची खालची रेघ उजव्या टोकाला गव्हाच्या दाण्याइतकी उतरली होती आणि मध्ये दोनदा थरथरली होती.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रेघ तशीच होती.

"कधीपासून?"

"गनपतीच्या आधीपासून."

"शेठना माहीत आहे?"

"शेठ छापलेला बगतान. निगेटिव कोन बगतं?" मोरूने फडकं घडी करून ठेवलं. मग काचेकडेच बघत म्हणाला, "माजे पोरीच्या लग्नाची पत्रिका केलीस तवा तुलाच पसंत नाय म्हनून चौकट चार वेला आखलीस. मी आखली एकेक वेला, तं काय झाला?"

सीतारामने 'कल्ला'चा पुठ्ठा उचलला आणि तो बाहेर आला.

शेवंती स्टुलावर बसून बोटांनी टेबलाच्या कडेवर ठेका धरत होती. त्याला बघून थांबली.

"होईल?"

"उद्या संध्याकाळपर्यंत होईल."

त्याने पुठ्ठा समोर ठेवून निळी पेन्सिल घेतली आणि बटरपेपरवर लिहिलं, 'वाकडे मुद्दाम आहे. सरळ करू नये. डाग ठेवावेत. डोके नावाच्या पुढे.' खाली सही केली, तारीख घातली. तीनचा आकडा लिहिताना पेन्सिल घसरली. त्याने तो खोडला नाही.

"आत तुमचं नाव टाकते," शेवंती खांद्यावरून वाचत म्हणाली. "मांडणी, सीताराम... आडनाव काय काका?"

"दोघांचं टाका. निगेटिव्ह करणाऱ्या मोरूचंही."

"तो ना, ज्याने वाट लावली?"

"हो, त्याचंच."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. पिशवी खांद्याला अडकवून ती निघाली. दारातून तिने मागे वळून हाताने ब्रश ओढल्यासारखं केलं, वेडंवाकडं, आणि हसली.

ती गेल्यावर सीतारामने पुढचं काम समोर घेतलं. पुन्हा लग्नपत्रिकाच होती. मजकूर चिकटवून झाला होता, चौकट राहिली होती. त्याने मनगटाखाली कोरा कागद सरकवला, पट्टी ठेवली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि चारही रेघा सावकाश आखल्या. त्या वाळेपर्यंत नुसता बसून राहिला. मग वर बटरपेपर लावला.

निळी पेन्सिल अजून टेबलावरच होती. तिचं टोक बोथट झालं होतं. त्याने ते ब्लेडने नीट करून घेतलं आणि बटरपेपरच्या कोपऱ्यात, शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं, 'मोरू, हे नेहमीसारखं.'